एकटीला उठेल अशी

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी मी ओढ्यात आडव्या पडलेल्या मोटारसायकलीशेजारी चाळीस मिनिटं बसून होते. दहिवडीच्या पुढचं माळरान, ऑक्टोबरचं डोक्यात शिरणारं ऊन. ओढ्याला पाणी नव्हतं, पण मधल्या वाळूत ओल होती. पुढचं चाक त्या ओलीत रुतलं, हँडल उजवीकडे वळलं आणि म्हैस बसावी तशी सावकाश गाडी उजव्या अंगावर कलली. वेग दहाचासुद्धा नसेल. मला खरचटलंही नाही. टाकीच्या झाकणातून पेट्रोल थेंबाथेंबाने वाळूत जिरत होतं, त्याचा वास नाकात बसला. गाडी मावसभावाची होती, चारशे सीसीची, भरल्या टाकीसकट दोनशे किलोच्या घरातली. मी हँडल धरून ओढलं, मागची पट्टी धरून ओढलं, कंबरेत कळ आली. गाडी वीतभर उठायची आणि पुन्हा धप्पकन बसायची. चौथ्यांदा हात लावायचं धाडस झालं नाही. फोनला रेंज नव्हती. मी हेल्मेट काढून बाजूला ठेवलं आणि बाभळीच्या सावलीचा जेवढा तुकडा मिळाला तेवढ्यात बसले.

मेंढरं आधी वासाने कळली, मग घंटेने. मागून धनगर आले. खांद्यावर घोंगडी, वय सत्तरीच्या पुढचं, अंगात मांस असं नाहीच. त्यांनी काठी खाली ठेवली, गाडीला एक चक्कर मारली, मागची बाजू धरली आणि "हं, घे" म्हणाले. दोघांच्या जोराने गाडी उभी राहिली. मी आभार मानत होते, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते गाडीच्या टाकीकडे बघत होते. मग म्हणाले, "एकलीला उठंना असलं जनावर कशापाई बाळगायचं गं पोरी?" त्यात हेटाळणी नव्हती. जणू मी बैल घेतलाय आणि त्यांना खरंच कळत नाहीये की मी हाच का घेतला, असा तो प्रश्न होता. मी म्हटलं, भावाची आहे. त्यांनी मान हलवली, मेंढरांना हाक घातली आणि गेले.

ते वाक्य माझ्याबरोबर साताऱ्याला आलं. बँकेत काउंटरवर बसले की मध्येच आठवायचं. विशेषतः 'बाळगायचं' हा शब्द. आपण जनावर बाळगतो आणि भीतीही बाळगतो. त्या गाडीच्या बाबतीत मी नक्की काय बाळगत होते, हे मला आठ दिवस सांगता येईना.

मातीत गाडी चालवायची हे माझं त्रेचाळिसाव्या वर्षी सुचलेलं खूळ आहे असं घरातल्यांना वाटतं. पण ते खूप जुनं आहे. तात्या, म्हणजे माझे वडील, माण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होते. त्यांच्याकडे १९८३ साली घेतलेली राजदूत मोटारसायकल होती, १७५. मागच्या कॅरियरला कृत्रिम रेतनाचा नायट्रोजनचा डबा बांधलेला, हँडलला औषधांची पिशवी आणि पुढे टाकीवर मी. वाड्या-वस्त्यांना तेव्हा डांबर नव्हतंच. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मधला गवताचा पट्टा एवढाच रस्ता. तात्या त्या गवताच्या पट्ट्यावरून गाडी न्यायचे आणि खडबडीत जागा आली की पायांवर उभे राहायचे. मग माझ्या डोक्यावर त्यांची छाती यायची, तिथून सदऱ्याला लागलेल्या फिनाइलचा वास यायचा आणि खालून टू-स्ट्रोकच्या निळ्या धुराचा. टाकीची धग मांड्यांना लागायची. पावसाळ्यात चाकं निसरायची, तेव्हा तात्या दोन्ही पाय खाली सोडून, चिखलात टाचा घासत, गाडीला बोलत बोलत पुढे काढायचे. तेव्हा आमच्याकडे 'ऑफरोड' हा शब्द नव्हता. दूधवाले, ग्रामसेवक, डॉक्टर, सगळेच तसे चालवायचे, कारण रोड नव्हता. आता त्याच वस्त्यांना सिमेंटचे रस्ते झालेत, आणि मी माती शोधत साठ-पासष्ट किलोमीटर जाते. याचं मला वाईटही वाटत नाही आणि पुरता आनंदही होत नाही. रस्ता नसल्यामुळे रात्री अडलेल्या गाईपर्यंत तात्या वेळेत पोहोचले नाहीत, असंही कितीदा झालेलं आहे. त्या मातीची ओढ लावून घेण्याची चैन मला आज परवडते, तेव्हा ती कुणालाच परवडत नव्हती.

तर गाडी घ्यायची ठरली, आणि सल्ले सुरू झाले. सगळ्यांचा सूर एकच: एकदाच घे, मोठी घे, लहान घेतलीस तर सहा महिन्यांत कमी पडेल. वाढत्या अंगाचे कपडे शिवावेत तशी ही समजूत. लहानपणी मला दोन बोटं मोठा फ्रॉक शिवायचे, तो अंगाला बसायला लागेपर्यंत विटलेला असायचा. मातीतल्या गाडीचं तसंच होतं, पण हे मला ओढ्यात पडेपर्यंत कळलं नव्हतं. भावाच्या गाडीवर मला आधी फार सुरक्षित वाटायचं. सीट ८०० मिलिमीटरवर, दोन्ही पाय बऱ्यापैकी टेकायचे. पाय टेकतात म्हणजे गाडी आपल्या ताब्यात, असं माझं गणित होतं. पण पाय टेकायला सपाट जमीन लागते. ओढ्यात, घळीत, चाकोरीत एका बाजूची जमीन नेमकी वीतभर खाली असते. गाडी त्या बाजूला कलली की दोनशे किलो आणि माझा एक गुडघा, एवढाच हिशोब उरतो.

नोव्हेंबरात मी पुण्याजवळच्या एका मातीच्या ट्रॅकवर दिवसभराच्या शिकवणीला गेले. सकाळी टँकरने पाणी मारलेलं, लाल माती तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी वाफाळत होती. बरोबर शिकायला दहा-बारा वर्षांची तीन मुलं आणि एक निवृत्त गृहस्थ. मला दिली ती कावासाकी केएलएक्स ११०: लहान चाकं, चार गिअर, हाताला क्लच नाहीच. पहिल्यांदा बघून मनातून उतरले, कारण ती मुलांची गाडी वाटत होती. पण शिकवणाऱ्या मुलाने सांगितलं, क्लचचा विचार डोक्यातून काढला की डोकं बाकीच्याला मोकळं होतं. आणि तसंच झालं. पावलांच्या खुंट्यांवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपरं बाहेर, बोटं सैल, नजर चाकापुढच्या दगडावर नाही तर दहा-पंधरा पावलं पुढे. वळणावर पुढे सरकून अगदी टाकीपाशी बसायचं, आतला पाय पुढे काढायचा, वजन बाहेरच्या खुंटीवर टाकायचं. पुढचा ब्रेक एका बोटाने, आणि सैल मातीत तोही कुरवाळल्यासारखा. मागचं चाक घसरलं तर घसरू द्यायचं, घाबरून थ्रॉटल सोडायचा नाही. सगळ्यात अवघड हेच होतं. अंगाला वाटतं थांबावं आणि गाडीला हवं असतं की तिने पुढे जावं.

त्या दिवशी मी अकरा वेळा पडले.

अकरा वेळा उठले, अकरा वेळा गाडी उचलली. शेवटच्या चार वेळा तर विचारसुद्धा केला नाही, उठता उठताच हात हँडलला गेला. परत येताना एसटीत खांदे भरून आले होते, तळहाताला फोड होते, आणि धनगरबाबांचं वाक्य पहिल्यांदा पूर्ण समजलं. भावाच्या गाडीवर मी एका दिवसात दोनदा पडले असते तर दुसऱ्यांदा पडल्यावर दिवस संपला असता. कंबर गेली असती, नाहीतर मदतीला कुणी नाही म्हणून मी परत फिरले असते. पुढच्या वेळी पडू नये म्हणून मी जपून, ताठ बसून, ब्रेकवर बोटं ठेवून चालवलं असतं, आणि तसं चालवलं की माणूस मातीत हमखास पडतो. त्या गाडीबरोबर मी पडण्याची भीती बाळगत होते. गाडी किती सीसीची यापेक्षा एका दिवसात ती आपल्याला किती वेळा पडू देते, हे नवशिक्याने विचारावं असं मला वाटायला लागलं. वाळवंटातल्या डाकार रॅलीत २०११ पासून सगळ्याच मोटारसायकलींना ४५० सीसीची मर्यादा आहे, आणि तिथे उतरणारी माणसं जगातली सर्वांत कसलेली असतात. २०१९ मध्ये बंगळूरूच्या ऐश्वर्या पिस्सेने महिलांचा बाहा विश्वचषक, म्हणजे माती-वाळूतल्या शर्यतींचा, जिंकला, तेव्हाचे तिचे व्हिडिओ मी रात्री-रात्री बघते. तिच्या अंगाखालची गाडी डोंगरउतारावर अशी हलते की वजन नसावंच. गाडी आडवीतिडवी होते आणि ती मात्र मध्यावर स्थिर असते. माझ्या त्रेचाळीस वर्षांच्या गुडघ्यांना तेवढं नाही जमणार, पण हलकेपणा कुठे लागतो हे त्यातून दिसतं.

मग कुठली घ्यायची? खरी मातीची गाडी म्हणजे केएलएक्स १४० सारखी, शंभर किलोच्या आसपास, मोठं पुढचं चाक, लांब सस्पेन्शन. पण तिला नंबरप्लेट मिळत नाही, रस्त्यावर आणता येत नाही, आणि ट्रॅकपर्यंत न्यायला पिकअप लागतो. ज्याच्या घराशेजारी शेत आहे किंवा ट्रॅक आहे त्याने बेशक घ्यावी. माझी माती माणमध्ये आहे आणि मी राहते साताऱ्यात. साताऱ्याजवळ कास आहे असं लोक सांगतात, तेव्हा मला राग येतो. त्या पठारावर बोटभर मातीत फुलं येतात, २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, तिथे चाक घालणं म्हणजे देवघरात चपला घालून फिरणं. माळरानावरही मी आता पायवाट आणि चाकोरी सोडत नाही. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर चार अंडी घालते, खड्यांमध्ये खड्यासारखी दिसतात. जवळ गेलं की ती डोक्यावर ओरडत फिरते. गाडीच्या आवाजात ते ऐकू येत नाही, म्हणून मार्चनंतर मी अधूनमधून इंजिन बंद करून कान देते.

तर रस्त्यावरून जाईल आणि मातीत उतरेल अशीच हवी होती. हिरोची इम्पल्स २०११ मध्ये आली होती, दीडशे सीसीची. तेव्हा ती बघून जीव अडकला होता, पण तेव्हा कडेवर मूल होतं. ती गेली, आणि २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. पुढचं चाक २१ इंचांचं, मागचं १८, म्हणजे खऱ्या मातीच्या गाड्यांचीच मापं. पुढचं चाक मोठं असलं की ते दगडाला अडत नाही, त्याच्यावर चढतं. पोटाखाली २२० मिलिमीटर जागा आणि वजन दीडशेहून थोडं जास्त. सीट मात्र भावाच्या गाडीपेक्षा उंच, सव्वाआठशेच्या आसपास. माझी उंची पाच फूट तीन इंच. शोरूममध्ये बसले तर दोन्ही पायांची नुसती बोटं टेकली आणि पोटात गोळा आला. तिथल्या मुलीने सांगितलं, मॅडम, मधोमध नका बसू, एका अंगाला सरका. सरकल्यावर एक पाऊल पूर्ण टेकलं. एक पुरतं. तात्याही राजदूत थांबवताना एकच पाय टेकायचे, हे मला तिथे बसल्या बसल्या आठवलं. नवी घ्यायची नाही हे मात्र मी ठरवून टाकलं. नव्या गाडीवरचा पहिला ओरखडा मनावर उठतो, आणि मला ओरखड्यांची भीती नको होती. शिवाय वाचलेल्या पैशांत गुडघ्यापर्यंतचे बूट, गुडघ्याच्या वाट्या, छातीचं कवच असं सगळं येणार होतं. बूट आधी घेतले, गाडी नंतर. मातीत गाडी पडते तेव्हा पाय तिच्याखाली येतो, घोटा आपला असतो.

पौषात तात्यांना सगळं सांगितलं. शहात्तर वय, दोन्ही गुडघे गेलेले, पण खरसुंडीची यात्रा जवळ आली की अजूनही त्यांची चुळबुळ सुरू होते. सिद्धनाथाच्या त्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो, आणि मी लहान असताना गावातली माणसं बैल घ्यायला जाताना तात्यांना बरोबर न्यायची. मीही जायचे. दावणीच्या दावणी, पांढऱ्या शिंगांचं रान, शेण आणि कडब्याचा वास, धूळ इतकी की संध्याकाळी थुंकी काळी यायची. घेणारे लोक बैलाचे भोवरे बघत, शिंगांची ठेवण बघत, आदत (दुधाच्या दातांचा) की दुसा (दोन दाती) की चौसा (चार दाती) म्हणून तोंड उघडून दात मोजत. तात्या दात बघायचे, पण त्याआधी खूर बघायचे, आणि मग म्हणायचे, चालवून दाखव. नव्याने शेती करणारा कुणी पोरगा आदत खोंडाच्या रुबाबाला भुलला की तात्या त्याला बाजूला घेत. "तू नवा, त्यो बी नवा. कोण कुणाला शिकवणार?" त्याला ते जुळलेला, कामाला शिकलेला, गरीब बैल घ्यायला लावत. पोरगा हिरमुसायचा. पुढच्या वर्षी तोच पोरगा तात्यांना पेढे घेऊन यायचा, असं मी दोनदा तरी पाहिलंय.

"मी येतो तुझ्याबरोबर," तात्या म्हणाले. मला गाडीतलं काय कळतं, असं काही म्हणाले नाहीत.

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात एक मुलगा २०२१ ची एक्सपल्स विकत होता. मी शिकले होते तेवढं बघितलं. पुढच्या फोर्कवर तेलाचा ओघळ आहे का, स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चकतीचे, दात झिजून टोकदार झालेत का, रिम वाकलेली आहे का. पुढचं चाक उचलून हँडल फिरवताना अडकतं का, मागचं चाक धरून आडवं हलवलं तर खेळतं का. इंजिनाखालची पत्र्याची ढाल ठोके पडून चेपलेली होती, ते बघून बरं वाटलं. माती खाल्लेली गाडी होती आणि तरी इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. तात्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत होते. माझं झाल्यावर त्यांनी त्या मुलाला विचारलं, "आडवी करू का?"

मुलाला कळेना. मलाही क्षणभर कळलं नाही. तात्यांनी अंगणातली दोन गोणपाटं काठीने दाखवली. "त्यावर आडवी कर. हिला उठवता येती का बघू दे. न्हाई आली तर आमी जातो." मुलगा घुटमळला, पण ओसरीवर त्याचे आजोबा बसले होते. ते म्हणाले, "टाक की रं. बरुबर हाय त्यांचं." गाडी गोणपाटावर उजव्या अंगावर निजवली. ट्रॅकवर शिकवलेलं मी मनात उजळलं: गिअर टाकलेला असू दे म्हणजे चाक पळणार नाही, वरच्या अंगाचं साइड-स्टँड आधीच काढून ठेव म्हणजे पलीकडे जाऊन पडणार नाही, हँडल पूर्ण वळवून घे. मग गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवलं, एक हात हँडलला, एक खालच्या नळीला, आणि कंबर न वाकवता पायांनी मागे रेटलं. पहिल्यांदा गुडघ्याइतकी आली आणि बसली. अंगणात कुणी बोललं नाही. आतून फोडणीचा वास येत होता. दुसऱ्यांदा मी टाचा रोवल्या, श्वास सोडला आणि इंच इंच मागे चालत गेले. मध्ये एक जागा येते, तिथे वजन अचानक संपतं. गाडी स्टँडवर टेकली. मी वळून बघितलं तर तात्या उभे राहिले होते, गुडघ्यांना न जुमानता.

किमतीचं बोलायची वेळ आली तशी तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून उजव्या हातावर पसरलं आणि हात पुढे केला. ते सवयीनेच झालं असावं. तो मुलगा त्या हाताकडे बघत राहिला, त्याने कधी पाहिलंच नव्हतं. मला तेव्हा पोटात कसंतरी झालं. वाटलं, तात्यांचा हात असाच राहणार. तेवढ्यात आजोबा ओसरीवरून उतरले, एक पायरी, दुसरी पायरी, आणि त्यांनी आपला हात उपरण्याखाली घातला. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते आणि कापडाखाली बोटं हलत होती. एकदा आजोबांनी मान हलवली, एकदा तात्यांनी. बाजारातली ही भाषा मला कधीच आली नाही, बोटांनी दशक आणि हजार सांगायची. गाडी विकणाऱ्याला आणि घेणारीला किंमत माहीत नव्हती, आणि ती ठरली. "ब्याऐंशी," तात्या हात बाहेर काढत म्हणाले. मुलाने आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चावी काढून दिली.

फेब्रुवारीत मी त्या ओढ्याला परत गेले. धनगरबाबांना गाडी दाखवायची होती. बाभळीखाली मेंढरांचा वाडा बसत होता त्या जागी वाळलेल्या लेंड्या आणि तीन दगडांची काळी चूल होती. दिवाळीनंतर मेंढरं कोकणाच्या अंगाला उतरतात, मृगाला परततात, हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी मी त्या दिवशी ते विसरून गेले होते. ओढा आता कोरडा ठणठणीत. वाळू पिठासारखी, तिच्यात पुढचं चाक नांगरासारखं शिरतं. मी खुंट्यांवर उभी राहिले, वजन मागे घेतलं, थ्रॉटल सोडला नाही, आणि अर्ध्याहून अधिक ओढा पार केला. मग मागचं चाक रुतलं, मी नको तेव्हा खाली बघितलं, आणि पडले. साधारण तिथेच.

इंजिन बंद केलं. माळावर एक चंडोल वर वर चढत गात होता, बाकी काही नव्हतं. पेट्रोलचा वास आला, तोच. स्टँड काढलं, पाठ टेकवली. वाळूत टाचा सरकत होत्या, म्हणून खाली एक चपटा दगड आणून ठेवला. तिसऱ्या रेट्याला गाडी उभी राहिली. पलीकडच्या काठावर चढून मी रेंज शोधली आणि तात्यांना फोन लावला.

"पडलीस व्हय?"

"हो."

"उठली?"

"उठली."

"मग ये जेवायला. हुलग्याचं माडगं केलंय तुझ्या आईनं."